आमची स्विचताई

तिच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण मी तिला ओळखत होतो असं म्हणायचीही भीती वाटते. तिचं घर कुठे, घरी कोण, हे कधी विचारलंच नाही. माझं आवक-जावकचं टेबल तिच्या यंत्रांच्या खोलीच्या दाराशी होतं, एवढाच संबंध.

ऑफिसच्या कॉम्प्युटरांचं जाळं बदलायला तिला नेमलं होतं, तेही तात्पुरतं. मजल्यावरच्या सगळ्या केबली ज्या डब्यात येऊन मिळतात तो स्विच. त्याचाच विषय तिच्या तोंडी, म्हणून सगळे तिला स्विचताई म्हणत. आमचा कॅशियर मुद्दाम विचारी, "स्विचताई, माझा पंखा लागत नाही हो."

"वायरमनला सांगा. की त्यालाही पिडलंत?"

आराखडा तिने माझ्या टेबलावर मांडला. काडेपेट्या म्हणजे स्विच, सुतळी म्हणजे केबल.

"काका, हा जिन्याखाली चालेल?"

"फरशी धुताना तिथे पाणी शिरतं," मी म्हणालो. तिने लगेच ती काडेपेटी उचलून उंचावर, माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवली.

तिचा एक नेम होता. नवं नीट चालल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. आधीच्या ठिकाणी जुनं काढलं, नवं चालेना, आणि नोकरी गेली. "हीही गेली तर मला दारात कोण उभं करणार?" असं एकदाच बोलली होती.

रविवारी नव्या जाळ्यावर दोन-चार कॉम्प्युटर लावून तिने पाहिले, सगळं ठीक. सोमवारी माणसं आली आणि गोंधळ उडाला. कॅशियरचा कॉम्प्युटर लागला की अकाउंटंटबाईंचा बंद.

"अहो, तुम्ही बसलात की माझं उठतं!"

"मग घरी जा ना बाई!"

साहेब बाहेर आले. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो. मग बाहेरच्या कंपनीला बोलावतो."

ती पांढरीफटक पडली. दोघांच्या कॉम्प्युटरांपुढे आळीपाळीने बसली, आणि एकदम तिने कपाळावर हात मारला. "काका, दोघंही वाटतायत!"

जाळ्यात शिरताना प्रत्येक कॉम्प्युटर एक नंबर मागतो आणि तो एकाच यंत्राने वाटायचा असतो. नवं यंत्र वाटत होतंच, पण नेमाप्रमाणे तिने जुनंही चालू ठेवलेलं. एका लॉजवर दोन मॅनेजर, आणि दोघांनी एकच खोली दोन पाहुण्यांना दिली, तसं झालं.

जुन्याचं वाटप तिने बंद केलं. "सगळ्यांनी बंद करून परत चालू करा!" ती ओरडली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून आवाज आला, "आलं!" मग खालून. कॅशियर आणि अकाउंटंटबाई शेजारी-शेजारी मुकाट्याने काम करू लागले. माझा जीव भांड्यात पडला. ती माझ्या खुर्चीत मटकन बसली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

पुढे तिला कायम केलं आणि तेच काम करायला दुसऱ्या शाखेत पाठवलं. निघाली त्या संध्याकाळी मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं.

"काका, दार ओढून घ्या हं. आत एसी चालू आहे."

"घेतो," मी म्हणालो.