दोष तिच्यात नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तिला तर नाहीच.

साठ सालाच्या आसपास मी पांढरकवड्याला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. थर्मासमध्ये बर्फावर वळूचं वीर्य घ्यायचं, सायकलवर केळापूरपर्यंतची गावं फिरायची, नळीने ते आत सोडून गाई गाभण करायच्या. शेतकरी संकोचायचे. मी हसून म्हणायचो, "यात लाज कायची, भाऊ?"

आणि घरी — कसं सांगू? शरीरसंबंध यायचे, पण माझं वीर्य बाहेर पडत नसे. लग्नापासूनच. माझ्या बायकोला, इंदूला, ते कळायला मार्ग नव्हता. मला कळत नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू? माझं तर कामच ते! तरी सहा वर्षं तिला मुलासाठी उपासतापास करू दिले.

शेवटी तिच्याच हट्टाने नागपूरला गेलो. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बोलावलं, वीर्य बाहेर पडतं का, असं सरळच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, बायको निरोगी आहे. झोपेत कधी आपोआप वीर्य जातं ना? ते लगेच आणून दिलंत तर पिचकारीने तिच्या आत सोडता येईल. महिनाभर इथे राहा. खात्री देत नाही, पण करून बघू. फक्त तिला सगळं सांगा.

बाहेर बाकावर इंदू डबा मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हने बाई?"

"तुह्यातच दोष हाय म्हने. इलाज नाई."

का? भ्यालो. दुसरं काही नाही.

पुढे तीच म्हणाली, "दुसरी करून घ्या. म्या काई म्हननार नाई." मी नकार दिला, आणि गावाने मला देवमाणूस ठरवलं. प्रेमापोटी नव्हतं हो ते — दुसरीलाही मूल झालं नसतं, मग बोट माझ्याकडे वळलं असतं! इंदूला डोहाळजेवणाला कुणी बोलवत नसे. शेजारी गाणी सुरू झाली की ती उठून दार लोटून घ्यायची. मी बघायचो.

अडुसष्टला काविळीने ती गेली. आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "मले टाकलं नाई तुमी. लय उपकार झाले."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "असं बोलू नाई." ती समाधानाने हसली — आणि मी ते हसूही घेतलं.