दुखत नाही म्हणणाऱ्या गुडघ्यावरचा संशय

बालाघाटात प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी डॉ. प्रभाकरराव डेहनकर माझ्या टेबलाशी आले. "बाई, नमुना कोणी घेतला, कधी घेतला आणि त्याआधी रुग्णानं काय गिळलं, हे कळल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नका." ना नाव विचारलं, ना गाव. हा डॉक्टर आहे की फौजदार, असंच वाटलं मला.

आज साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. लामत्यापासून बैहरपर्यंतची माणसं त्यांनी बसवलेल्या सांध्यांवर हिंडतात, पण साहेबांचा मात्र त्यातल्या एकाही सांध्यावर विश्वास नाही. बदललेला खुबा किंवा गुडघा बसल्या जागी दुखला, की आत जंतू आहेत असंच ते धरून चालतात.

भरवेलीच्या पार्बताबाईंचा गुडघा त्यांनीच बदलला होता. वर्षभरानं बाई लंगडत आल्या आणि म्हणाल्या, "काही दुखत नाही साहेब, देवाचा हात हाये तुमचा." स्तुती ऐकून साहेबांचा चेहराच उतरला. हात लावून बघतात तो गुडघा गरम! त्यांनी सांध्यातलं पाणी काढून माझ्याकडे पाठवलं. तीन दिवसांत काहीच उगवलं नाही, तेव्हा मी 'जंतूंची वाढ नाही' असं लिहून मोकळी झाले.

साहेब रिपोर्ट घेऊन हजर. "बाई, मला हे पटत नाही."

"मग तुम्हीच लिहा!" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

पार्बताबाईंना बोलावून त्यांनी पिशवी उघडायला लावली. आत प्रतिजैविकाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप निघाली.

"काहून लपवलं, माय?"

"तुमच्या हाताले नाव कसं ठेवू, साहेब? दुखते म्हटलं तं तुमाले वाईट वाटन."

गोळ्यांनी जंतू दबले होते, मेले नव्हते. साहेबांनी गोळ्या बंद केल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा तीन नमुने घेतले आणि मला बजावलं, "चौदा दिवस जंतू वाढवायची एकही प्लेट फेकायची नाही." अकराव्या दिवशी तिन्ही नमुन्यांत जंतूंचे तेच बारीक ठिपके दिसले. माझ्या रिपोर्टवर विसंबले असते तर बाईंचा पाय गेला असता. मला रडूच फुटलं. साहेब म्हणाले, "गोळ्यांचं आधी मी विचारायला हवं होतं. चूक माझी."

पार्बताबाईंनाही त्यांनी तोंडावर सांगितलं, "जंतू माझ्याच ऑपरेशनमधून शिरले असतील. दुसरीकडे जायचं तर चिठ्ठी देतो."

"कुठं जाऊ? तुमच्यासारखा वहमी डॉक्टर भेटन का मले?"

जुना सांधा काढला, औषधं चालली, मग नवा बसवला. बाई आता बाजारहाट करतात. आणि मीही चौदा दिवस थांबायला शिकले.

साहेब, आपण शंभरी गाठावी, तीही ठणठणीत, एवढंच आमचं मागणं. पण हल्ली जिना चढताना आपण कठडा घट्ट धरता, आणि कोणी गुडघ्याचं विचारलं की हवापाण्याच्या गप्पा काढता. आम्हाला संशय आहे. सोमवारी सकाळी मुकाट्यानं तपासून घ्यायला या.