त्याच्या गाडीचं घसरलेलं ॲव्हरेज

नांदेडहून लातूरला दोन माणसं दोन वेगळ्या गाड्यांतून, एकामागे एक, फक्त डिझेल किती लागतं ते बघायला जातात, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी भर चौकात त्या दोघांची नक्कल करून दाखवली असती. अडचण एवढीच, की त्यातला एक मी होतो. दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र. तो कंधारला जनावरांचा डॉक्टर, मी नांदेडला पाण्याच्या मोटारी विकणारा. दोघांनाही पावसाळ्यात काळ्या रानात उतरावं लागायचं. आमच्याकडची काळी माती एकदा चाकाला चिकटली की गाडीचा बैल होतो, हलायचं नाव घेत नाही. म्हणून दोघांनी चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या घेतल्या, जुन्याच. आणि तिथून आमची शर्यत सुरू झाली. जोरात पळवण्याची नाही, कमी पिण्याची.

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी हसवून सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या ओट्यावर, एकदा तर सासरवाडीच्या तेराव्यालाही, आणि तिथेही लोक तोंडाला पदर लावून हसले. आज सांगताना आधीच सांगून टाकतो: ज्या सहा महिन्यांवर मी लोकांना हसवत होतो, त्या सहा महिन्यांत माझ्या मित्राचे डोळे जात होते, आणि मी त्याची गाडी तपासत होतो.

आमचा नेम असा. महिन्यातून एका रविवारी सकाळी विष्णुपुरीच्या पुढच्या एका पंपावर दोघांनी यायचं. एकाच नळीतून टाकी भरायची, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की तिथंच थांबायचं, वरून थेंब नाही. टायरची हवा सारखी. मग लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. तिथं पुन्हा टाकी भरायची, किलोमीटरला लिटरनं भागायचं, आणि ज्याचं ॲव्हरेज कमी त्यानं पंपाजवळच्या हॉटेलात मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घालायचा आणि चहा पाजायचा. माझी बायको म्हणायची, "अहो, ॲव्हरेज बघायला जेवढं जाळता ना, तेवढ्यात काशीला जाऊन याल." मी म्हणायचो, काशीला ॲव्हरेज विचारत नाहीत.

जिंकायचा नेहमी तोच. त्याची गाडी जुनी, चौकोनी, पत्र्याच्या पेटीसारखी, हातानं गिअर टाकायची, बारीक टायरची. सपाट रस्त्यावर मागची दोनच चाकं ओढायची. चिखल आला की गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून पुढची दोन जोडायची. माझी गाडी नवी, जड, रुंद टायरची, आपली आपण गिअर बदलणारी. माझी दहाचं देई, फार लाडात आली तर साडेदहा. त्याची तेराच्या खाली कधी आली नाही. एका लांब वहीत मी दोन्ही गाड्यांचं सगळं लिहायचो: डिझेल, ऑइल, टायर, विमा. माझ्या गाडीचा एक टायर घ्यायचा तर त्याचे दोन यायचे. माझ्या गाडीला साधा सेन्सर बदलायचा तरी लातूरच्या शोरूममध्ये न्यावी लागे. त्याची गाडी कंधारच्या बसस्टँडमागचा मेकॅनिक कानानं ऐकून दुरुस्त करायचा. वही त्याच्यापुढं धरून मी हरलेल्या राजासारखा मान खाली घालायचो. तो म्हणायचा, "पाय हलका ठेव गड्या. जनावर अन् गाडी, दोन्हीला टाच मारू न्हाई."

मग त्याची तेरावरून साडेअकरावर आली.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या महिन्यात दहा. मी लातूरच्या त्या हॉटेलात खुर्चीवर उभा राहून निकाल जाहीर केला. पुढच्या महिन्यात नऊ. आता मात्र मला काळजी वाटली. गाडीची. मी त्याला इंजेक्टर साफ करायला लावले. एअर फिल्टर बदलायला लावला. क्लच प्लेट टाकायला लावली. चार नवे टायर घ्यायला लावले, तेही बारीकच. तो प्रत्येक वेळी हाव, म्हणजे हो, म्हणायचा आणि करायचा. एवढ्या चटकन हाव म्हणणारा तो कधीच नव्हता. जनावराला सुई टोचायच्या आधी शेतकऱ्याशी अर्धा तास वाद घालणारा माणूस. पण मला वाटलं, माझ्या ज्ञानापुढं शेवटी नमला.

बाकीही काही दिसत होतं. म्हणजे दिसायला हवं होतं. मी लातूरला पोचल्यावर तो आधी दहा मिनिटांनी यायचा, मग अर्ध्या तासानं, मग सव्वा तासानं. "सावकाश चालवलं की कमी पितं," म्हणायचा. खरं तर फार सावकाश, सारखा ब्रेक मारत, खालच्या गिअरमध्ये चालवलं की गाडी जास्त पिते. हे मीच लोकांना सांगत फिरायचो. वयात आल्यापासून तो गोठ्यात वावरला, कधी लाथ खाल्ली नाही. त्या वर्षी एका म्हशीनं बाजूनं येऊन त्याला भिंतीवर आदळलं. मी ती म्हैस वठवून दाखवायचो. तोही हसायचा.

एकदा पंपावर, नळी हातात घेतलेला माणूस त्याच्या खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, झिरो बघा."

तो समोरच बघत बसला होता. माणसानं काचेवर टकटक केली तसा तो दचकला. "तू कवा आलास इथं?"

"लई वेळ झाला साहेब. हात हालवून राहिलो."

मी माझ्या गाडीतून ओरडलो, "त्याला म्हशीची सवय हाय, शिंगं लावून ये."

पंपावरचे सगळे हसले. मान पूर्ण वळवून, अंगासकट वळून, त्यानं मशीनवरचा झिरो बघितला. त्या दिवशी त्याचं ॲव्हरेज आठ आलं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. दोष गाडीत की माणसात, हे ठरवायचं तर एकदा गाड्या अदलाबदल करायच्या. त्याची मी नेतो, माझी त्यानं आणावी. त्यानं दोन रविवार टाळले. म्हैस विणार, पाहुणे येणार. शेवटी मी फोनवर म्हणालो, "भितोस काय?" हे वाक्य आमच्यात चौथीपासून चालत आलेलं. विहिरीत उडी मारायलाही हेच पुरायचं. तो म्हणाला, "बरं. येतो."

निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, दोघं एकाच गाडीत जा ना. गप्पा बी होतील."

"वहिनी, मग स्पर्धा कसली?"

"न्हाई, म्हणलं आपलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मी त्याच्या गाडीत बसलो. गाडी जडच वाटली, वळणावर आतून कण्हायला लागली. लोह्याच्या अलीकडं माझं लक्ष खाली गेलं. छोटा दांडा ओढलेला. पुढची चाकं जोडलेली होती. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर, भर उन्हाळ्यात, चारही चाकं गुंतवून कोण चालवतं? मी गाडीत एकटा असताना मोठ्यानं हसलो. चोर सापडला होता. दांडा मागं ढकलला, आणि गाडी अशी मोकळी सुटली की काय सांगू. लातूरला टाकी भरली, भागाकार केला. तेराच्या वर.

मी झेंडूचा हार आणला. हॉटेलवाल्याला सांगितलं, डॉक्टर आले की सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. भाषण तयार केलं: गाडी निर्दोष सुटली आहे, गुन्हेगार चालक आहे. मग मी वाट बघत बसलो. एक तास, दीड तास. फोन उचलेना. दोन तास झाले तेव्हा सुशीला दुसऱ्यांदा निवला होता आणि हार माझ्या मांडीवर कोमेजत होता.

माझी गाडी आली. चालवत भलताच माणूस होता. चाकूरच्या स्टॉपवर बसची वाट बघणारा एक मास्तर, असं नंतर कळलं. मित्र शेजारच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, नव्या नवरीसारखा. हॉटेलातले लोक ठरल्याप्रमाणे उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मी हातानं थांबवेपर्यंत वाजवत राहिले.

तो उतरला. दार धरून उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक मोटारसायकलवाला. बाईल मागं बसलेली. बाजूनं आला. मला दिसलाच न्हाई." मग म्हणाला, "लागलं न्हाई त्यांना. त्यानंच गाडी रस्त्याखाली घातली, म्हणून वाचले. शिव्या देऊन गेला. मग मी पुढं आणलीच न्हाई गाडी."

"दिसला न्हाई म्हणजे?"

"समोरचं दिसतं. बाजूचं न्हाई. नळीतून बघितल्यावानी." त्यानं दोन्ही मुठींची नळी करून डोळ्यांना लावून दाखवली. "रस्त्याची कड कळत न्हाई. चाक खाली उतरतं. म्हणून ते चारही जोडून ठेवतो, उतरलं तर वर तरी येईल."

माझ्या हातात हार होता. मी तो पाठीमागं धरला.

"अन् ते इंजेक्टर? टायर?"

"तू म्हणत होतास ना, गाडीत दोष हाय. मला बी बरं वाटायचं ऐकून."

रात्री लातूरलाच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी तिथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी त्याला एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला बसून पडद्यावर ठिपके येताना बघत होतो. ठिपका यायचा, जायचा, पुन्हा यायचा. बटणाचा आवाज व्हायचाच नाही. बाईंनी काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं, रोज थेंब घालायचे, गाडी बंद.

"साधारण कधीपासून कमी दिसायला लागलं?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "हळूहळू गेलं."

मला सांगता येत होतं. पिशवीत वही होती. साडेअकरा कोणत्या महिन्यात, दहा कोणत्या, नऊ कधी, आठ कधी, सगळं माझ्या अक्षरात, पुढं मी काढलेली हसरी तोंडं. मी महिना सांगितला. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तेव्हाच आणायला पाहिजे होतं." त्यांना मी त्याचा भाऊ वाटलो असेन.

परत येताना दोघं माझ्याच गाडीत होतो, आणि अहमदपूरपर्यंत तोच बोलत होता, मला धीर द्यायला. म्हणाला, तू तर एवढं मनावर घेऊ नको, मी तुझ्या वहिनीलाही सांगितलं नव्हतं नीट, तिनंच ओळखलं. मी स्टिअरिंग धरून रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होतो.

गाडी दोन महिन्यांनी विकली. शिरूर अनंतपाळहून एक शेतकरी लेकीला घेऊन आला. मुलगी शेतीचं सगळं बघणारी, तिशीची. तिनं बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, छोटा दांडा दोनदा ओढून बघितला. मग त्याला विचारलं, "काका, किती देते?"

तो माझ्याकडं वळला. "सांग की. तुझ्याकडं वही हाय."

"तेराचं," मी म्हणालो. "मधी आठपर्यंत आली होती," तो म्हणाला, "पण ते गाडीमुळं न्हाई." तिनं मान हलवली. टायर नवे आहेत म्हणून बाप खूश होता.

मुलीनंच गाडी सुरू केली. अंगणातून मागं घेताना तिनं आरशात बघितलं, मग खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन्ही बाजूंना बघितलं. गाडी फाटकातून बाहेर पडून डाव्या हाताला वळली. तो समोर फाटकाकडं बघत होता, जिथं आता काहीच नव्हतं. आवाज ऐकून मान इकडंतिकडं करत राहिला.

"कुठं हाय रे?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या खांद्याला धरून त्याला थोडं डावीकडं वळवलं. मग अजून थोडं.

"हाव," तो म्हणाला. "दिसली."