कोपऱ्यावरची भिंत

मनीषाचं शाळेच्या ऑफिसात लक्षच लागेना. टेबलावर फोन थरथरला की ती हातातलं काम टाकून तो उचलायची. घरी सासूबाई. नवसाबाईंचा उभा जन्म सायखेड्याच्या मळ्यात गेलेला. नाशकात लेकाकडे आल्यावर त्यांची आठवण विरत गेली आणि पायांना मात्र भिंगरी लागली. जरा डोळा चुकला की त्या रस्त्याला लागत. "मेथी उपटायची हाय. बाजार निघून जाईल," एवढंच म्हणत. नवरा राज दिवसभर दिंडोरीला कामावर. शेजारच्या लताबाई बिचाऱ्या लक्ष ठेवत, पण त्या तरी किती पुरणार?

घर कोपऱ्याच्या प्लॉटवर, तारेचं कुंपण वाकलेलं. मनीषाने समाधान गवंड्याला बोलावलं.

"पुरुषभर उंच भिंत घाला. रस्ता दिसलाच नाही, तर त्यांना जावंसंही वाटणार नाही."

"ताई, महापालिकेची परवानगी?"

"आपल्याच जागेत भिंत, त्याला कसली परवानगी?"

भिंत चढली. गेट बसायचं बाकी होतं, तोच पालिकेच्या इंजिनिअरबाई आल्या. "काम थांबवा, आधी अर्ज करा. आणि कोपऱ्यावर एवढी उंची मिळणार नाही. वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसायला हवं. कमरेएवढी भिंत, वर जाळी."

मनीषा भडकली. "मग माझ्या सासूला तुम्ही धरून बसणार का?"

काम थांबलं ते थांबलंच. मनीषा चडफडत राहिली. ना अर्ज केला, ना भिंतीला हात लावला.

रविवारी सकाळी ती गॅस बंद करून वळली, तर खुर्ची रिकामी. ती अनवाणीच धावली. भिंतीपलीकडे करकचून ब्रेक लागला. द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो तिरपा उभा होता आणि त्याच्यापुढे हातभर अंतरावर नवसाबाई.

"भिंतीआडून एकदम आल्या हो! दिसल्याच नाहीत!" ड्रायव्हर खाली उडी मारून म्हणाला.

मनीषा रस्त्यातच मटकन बसली. नवसाबाईंनीच वाकून तिला विचारलं, "लागलं का गं, पोरी?"

दुसऱ्या दिवशी तिने समाधानला फोन केला. "कोपरा उतरवा. आजच." मग अर्ज घेऊन पालिकेत गेली. चार हेलपाटे पडले, पण परवानगी मिळाली. कमरेएवढी भिंत उठली, वर जाळी, आणि गेटला बाहेरून कडी.

नवसाबाई आता जाळीला धरून उभ्या राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारतात. मनीषा शाळेतून आली की चप्पलही न काढता त्यांचा हात धरते, आणि दोघी वस्तीला लांबलचक फेरी मारून येतात. त्यानंतर म्हातारी शांत जेवते. मनीषा मात्र ताटावरून दोनदा उठते आणि कडी चाचपून येते.