माझ्या बिल्ल्याची धाव

मिल बंद पडली आणि आमच्या घरात हजेरी सुरू झाली.

बाबा परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या गेटवर बावीस वर्षं टाइमकीपर होते. आता कामगार उरले नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या दोघींना धरलं: सोळा वर्षांची मी आणि अकराची मंजू. आमचं खेळायचं मैदान मिलबरोबरच कुलपात गेलं होतं. त्यात कोपऱ्यावरच्या सुधाकडे केबल आली, आणि मी तिथेच पसरलेली असायचे. (शेजारणींच्या मते एवढ्या घोडीनं गल्लीत धावणं वाईट दिसतं. मोठ्यांचं मी ऐकलेलं एवढंच.)

बाबांनी फर्मान काढलं. रोज सकाळी दोघींना मिलमधला हजेरीचा एकेक पितळी बिल्ला मिळणार. धावत बंद गेटपर्यंत जायचं, तिथल्या चहावाल्या तिवारीजींच्या डब्यात तो टाकायचा आणि परत यायचं. महिनाभर खाडा झाला नाही, तर मला भंवरकुआंला कोचिंगला जायला लूना! म्हणजे महिनाभर पाय चालवले की पुढे पाय चालवायलाच नकोत. असं बक्षीस कोण सोडतं?

तीन दिवस मी धावले. चौथ्या दिवशी माझाही बिल्ला मंजूच्या हातात ठेवला आणि सुधाकडे टीव्हीपुढे जाऊन बसले.

"मुफ्त में नहीं, ताई," मंजू म्हणाली. "रविवारची तुझी जलेबी माझी."

जलेबीवर पाणी सोडलं. परतताना ती हाक मारायची, की मी नळावर तोंड ओलं करून धापा टाकत तिच्यामागून घरात शिरायचे. आई बिचारी मला पेलाभर दूध जास्त द्यायची. महिन्याभरात माझे कुर्ते शिवणीत उसवायला लागले. इकडे मी लूनाचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

तिसाव्या दिवशी बाबा म्हणाले, आज मीपण येतो. झालं! सुधाचं घर येईपर्यंतच माझा जीव गळ्याशी आला आणि मी तिच्या पायरीवर बसकण मारली. मंजू गेटला जाऊन आली, तरी तिला धाप नाही.

"बावीस साल गेटवर उभा होतो," बाबा म्हणाले. "एका हातात दोन बिल्ले मला कळणार नाहीत होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"एक तरी धावतेय ना, म्हटलं."

लूना गेली. मला रडूच कोसळलं. वर मंजूची शाळेच्या धावण्याच्या टीममध्ये निवड झाली आणि सराव पार अन्नपूर्णेकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिला सोडायचं काम माझ्याकडे, बाबांच्या जुन्या सायकलवर. वर्षभर मी घामाघूम होऊन पायडल मारत होते आणि कॅरियरवरून मंजू बजावत होती, "ताई, गड्ढे बघून चालव. मला पळायचंय, पाय जपायला हवेत."