बांधावर एकटीनं चढायचं न्हाई

आमच्या शाळेत रग्बी आली ती माझ्यामुळं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच श्रेय नको आणि शिव्याही नकोत. मी पीटी मास्तर. राहायला रामनगरात, मूळचा खानापूरकडचा. कर्नाटकातल्या कुंभारवाडा गावाजवळच्या एका हायस्कुलात एकोणीस वर्षं पोरांना कबड्डी आणि व्हॉलीबॉल शिकवत सुखात होतो. मग वरनं खेळाच्या सामानाची पेटी आली, तिच्यात तीन लांबुळके चेंडू निघाले, आणि मला तीन दिवसांच्या शिबिराला धारवाडला धाडलं. पन्नाशीच्या माणसाला तिथं चिखलात लोळवलं. परत आलो तो कंबर धरूनच.

पण गोष्ट माझी नाही, केशरक्काची आहे.

केशरक्का आमच्या शाळेत बिसीऊट रांधते, म्हणजे पोरांचं दुपारचं गरम जेवण. माहेर गुंदचं, शिक्षण चौथी. वय विचारलं तर म्हणते, "कशाला, माझं लगीन जमवायचं हाय तुमाला?" नवरा अकरा वर्षांपूर्वी तापानं गेला, मूलबाळ नाही. घर, दीड एकर भातशेत आणि शाळेची चूल, हा तिचा संसार. तोंड असं की हेडमास्तरसुद्धा जेवल्यावर आपलं ताट आपण धुतात. ताटात भात टाकणाऱ्या पोराला ती मारत नाही, नुसती त्याच्यासमोर येऊन बसते आणि शेवटचं शीत संपेपर्यंत हलत नाही. मार परवडला, असं पोरं म्हणतात.

तर आमचे तीन संघ झाले. लहान पोरांचा, मोठ्या पोरांचा आणि पोरींचा. पोरींच्या संघाबरोबर एक बाई पाहिजे, असा नियम. आमच्या दोन शिक्षिकांपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरीला बसमध्ये चढल्या चढल्या ओकारी. हेडमास्तर म्हणाले, "बाई नाही तर पोरींचा संघ नाही. विषय संपला." स्वयंपाकघराच्या दारातनं आवाज आला, "का वो सर, मी बाई न्हाई काय?"

विषय तिथं सुरू झाला.

पोरी मोजून आठ. खेळायला सात लागतात. आणि जुलै उजाडला तशा एकेक गळायला लागल्या. भाताची लावणी! आमच्याकडं लावणीला घरातली मांजरसुद्धा सोडत नाहीत, दहावीतली पोरगी कोण सोडणार? एका सोमवारी मैदानावर तीन पोरी उरल्या. मी म्हटलं, झालं, गुंडाळा. केशरक्का म्हणाली, "गुंडाळायला ती काय चटई हाय? मी बघते."

तिनं पैरा लावला. पैरा म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझं शेत लावायचं, उद्या तुझं. आठ पोरी आणि नववी ती, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आठही घरची शेतं पाळीपाळीनं लावून टाकायची. मोबदल्यात बापानं पोरीला रोज संध्याकाळी तासभर मैदानावर सोडायचं. कोणता बाप नाही म्हणेल?

एका रविवारी मी बघायला गेलो. पोरी एका ओळीत वाकलेल्या, रोप लावत मागं मागं सरकत होत्या. एकीच्या हातातली पेंडी संपली की शेजारीण वर न बघता आपल्याकडची मागं-बाजूला उडवायची आणि ती ही अचूक झेलायची. मी बांधावर उभ्या उभ्या कपाळावर हात मारला. अहो, रग्बी म्हणजे दुसरं काय आहे? हा चेंडू हातानं पुढं फेकायचा नाही, मागंच द्यायचा. ओळ मोडायची नाही. धारवाडला तीन दिवस कंबर मोडून मला जे कळलं नाही, ते ह्या पोरी आईच्या कमरेला असल्यापासून करत होत्या.

आणि पैऱ्याचा एक जुना कायदा आहे. जिची पट्टी आधी संपेल तिनं बांधावर चढून बसायचं नाही. चिखलात थांबायचं, शेवटची पोचली की सगळ्यांनी एकदम वर यायचं. केशरक्का मैदानावर तेच ओरडायची, "बांधावर एकटीनं चढायचं न्हाई गे!" पुढं पळणारी पोर लगेच मागं बघायची, ओळीत यायची. मी तर खूश होऊन तिला म्हटलंसुद्धा, "केशरक्का, तू अर्धा पगार घे माझा." म्हणजे पुढं जे झालं त्यात मीही तितकाच दोषी.

त्या आठांतली वैष्णवी वेळीप म्हणजे वारा. दहावीत, काटकुळी, बोलायला सुस्त; पण चेंडू हातात आला की पोरगी दिसायचीच नाही. तिला बघून मी पहिल्यांदा जिल्ह्याची निवड, क्रीडा हॉस्टेल असली स्वप्नं बघायला लागलो. हॉस्टेलात निवड झाली की राहणं, जेवण, पीयूसीचं म्हणजे अकरावी-बारावीचं शिक्षण, सगळं सरकारी.

मी आणि केशरक्का तिच्या बापाकडं गेलो. मारुती वेळीप. माणूस गरीब, पण मनात एक गाठ बसलेली. थोरला पोरगा अक्षय चार वर्षांपूर्वी शिकायला म्हणून गोव्याला गेला तो गेलाच. शिक्षण सुटलं, कुठल्याशा हॉटेलात लागला. फोन नाही, गणेशचवथीला घरी नाही. आईनं गणपतीपुढं त्याच्या नावचा मोदक दोन वर्षं ठेवला, तिसऱ्या वर्षी ठेवला नाही.

मारुतीनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "मास्तर, धावीनंतर शाळा बंद. तिची ती शिकायला जाते म्हनली तर न्हाई म्हंजे न्हाई. एक घालवलाय, आता दुसरी घालवायची न्हाई."

"आणि हॉस्टेलात निवड झाली तर?"

तो विचार करून म्हणाला, "सरकारनं नेली तर नेऊ दे. सरकार नेतंय तसं आणूनबी सोडतंय."

बाहेर पडल्यावर केशरक्का पाऊणएक मैल बोलली नाही. हे नवल होतं. मग म्हणाली, "मास्तर, ही पोर चुलीपुढं बसली न्हाई पायजे. माझं चवथीत नाव काडलं तवा मीबी कुणाला काय बोलले न्हाई. ही तर माझ्यापेक्षा गप." बस्स. त्या दिवसापासनं आमच्या अख्ख्या हंगामाला एकच काम उरलं, वैष्णवीचं नाव हॉस्टेलच्या निवडीच्या यादीत लागणं.

हंगामाचं काय सांगू! लहान पोरांचा संघ पहिल्याच सामन्यात आटोपला. लाडू नावाचं आमचं एक गोलमटोल कार्टं चेंडू घेऊन पळालं, रेघ ओलांडली, मैदान ओलांडलं आणि थेट आमच्या टेम्पोत जाऊन बसलं. म्हणे, "सर, त्यानी काडून घेतला असता." मोठी पोरं दोन सामने जिंकली आणि तिसऱ्यात आपापसात भांडून हरली, ह्यानं मला चेंडू दिला नाही, त्यानं दिला नाही. केशरक्कानं त्यांना टेम्पोत असं झाडलं की रामनगरपर्यंत कुणी तोंड वर केलं नाही. पोरी मात्र तालुक्याच्या चॅम्पियन झाल्या! तालुक्यात पोरींचा दुसरा संघच नव्हता, ही गोष्ट आम्ही गावात कुणाला सांगितली नाही.

सप्टेंबरात जिल्ह्याचे सामने शिरशीला. पहाटे निघालो. केशरक्का नेसून आली ती लग्नातली हिरवी साडी, पायात माझ्या बायकोचे बूट. पहिला सामना आमच्या पोरींनी आरामात मारला. सातजणी एका ओळीत, चेंडू इकडनं तिकडं, आणि रेघेवर सगळ्या जवळजवळ एकदम पोचायच्या. समोरच्या पोरींना कुणाला धरावं तेच कळेना. निवडीचे साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. मी हळूच डोकावलो, वैष्णवीचा नंबर लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढलेली. केशरक्काला सांगितलं, तर तिनं माझा दंड असा दाबला की दोन दिवस काळानिळा होता.

दुसरा सामना तगडा. शेवटचं मिनिट, त्या बारा, आम्ही दहा. रेघेपलीकडं चेंडू टेकवला की पाच गुण मिळतात. आमच्या सुनयनानं पडता पडता चेंडू मागं दिला, वैष्णवीनं झेलला आणि सुटली. एकीला चुकवली, दुसरीला चुकवली, आणि पुढं कुणी नाही! मोकळं मैदान. केशरक्का माझ्या शेजारी उड्या मारत होती, पदराची शुद्ध नव्हती.

आणि रेघ तीन हातांवर असताना पोरगी थांबली.

थांबली! चेंडू छातीशी धरला, वळली, आणि मागच्या पोरी कुठं आहेत ते बघत उभी राहिली. इतके दिवस सगळ्या बरोबरीनंच पोचायच्या, त्यामुळं एकटीनं रेघ ओलांडायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. आणि एकटीनं ओलांडली तरी चालते, हे सांगायचं आम्हा दोघा शहाण्यांना कधी सुचलं नव्हतं. मी ओरडलो, "टेकव! टेकव गे!" केशरक्का तर किंचाळली. पण तोवर चुकवलेल्या त्या दोघी येऊन तिच्यावर कोसळल्या. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

दुपारी यादी लागली. वैष्णवीचं नाव नव्हतं.

केशरक्का तडक साहेबांपुढं. तिचं कन्नड म्हणजे आठवड्याच्या बाजारात भाजी घेण्यापुरतं, पण त्या दिवशी ती बोलली. म्हणाली, चूक माझी, पोरीची न्हाई, मी शिकवलं म्हणून ती थांबली. लिवायचं तर माझं नाव लिवा. साहेब वाईट नव्हते, पण यादी झाली होती. "आट गोत्तिल्ला," म्हणाले. हिला खेळ कळत नाही. झालं. येताना टेम्पोत पोरी रडून रडून झोपल्या. वैष्णवी रडली नाही आणि झोपलीही नाही. केशरक्का तिचा हात धरून बसली होती आणि सारखी पुटपुटत होती, "माझ्या मेलीच्या तोंडाला आग लागो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन मारुतीच्या अंगणात उभी. तो कुंपणासाठी बांबू तासत बसला होता. "बसा," म्हणाला. ती बसली नाही.

"मारुतीदादा, पोरगी हरली न्हाई. मी हरवली." आणि तिनं सगळं सांगितलं, पैरा, कायदा, रेघ, यादी, काही हातचं राखलं नाही. "काय बोलायचं ते मला बोल. पायजे तर तुझी लावणी जलमभर मी एकटी करते. पण पोरीची शाळा तोडू नको रे."

मारुतीनं कोयता खाली ठेवला. "थांबली? रेघेपाशी?"

"व्हय."

त्यानं घरात हाक मारली. वैष्णवी दारात आली, मागं तिची आई पार्वती.

"कशाला थांबलीस गे?"

"सगळ्या मागं हुत्या, बाबा."

"रेघ वलांडली की सरकार नेतंय, ठावं हुतं न्हवं तुला?"

"व्हय."

"तरीबी?"

"त्या टायमाला त्ये आठवलंच न्हाई."

मारुतीनं तासलेली एक काडी उचलली, परत ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्षय गेला तवा मी बसपातूर त्याची पिशवी घेऊन गेलो, मास्तर. खिडकीपाशी बसला. मी खाली हुबा. बस सुटली, तर म्होरंच बघत गेला बघा." मग वैष्णवीकडं मान करून म्हणाला, "ही न्हाई तशी जायाची. कुठंबी धाडली तरी ही माघारी येनार." आणि मला विचारलं, "जोयड्याच्या कालेजाचा फारम कवा मिळतो?"

मी बोटांवर महिने मोजले. "अजून आठ महिने आहेत, मारुतीराव. आधी तिला दहावी तर होऊ दे."

"मग तंवर लिवून ठेवा कुठंतरी. माझं डोस्कं फिरायच्या आत."

केशरक्का अंगणातच मटकन बसली आणि भोकाड पसरलं. "मेल्या, भाड्या, ह्ये म्हयन्याभरापूर्वी बोलायला काय धाड भरली हुती तुला? मी सगळी रात्र जीव द्यायचा का ठेवायचा ते बघत हुते!" पार्वती तिला धरायला आली आणि तीही रडायला लागली. वैष्णवी दोघींच्या मध्ये उभी, हसावं की रडावं तिला कळेना.

मी खिशातली स्कोअरची वही काढली. आदल्या दिवसाच्या बारा-दहाच्या खाली लिहिलं, "वैष्णवी मारुती वेळीप, पीयूसी, जोयडा." मारुतीनं पेन घेतलं, आणि पोरगी बघते आहे म्हणून की काय, सावकाश, एकेक अक्षर वळवत सही केली.