कोरे राहिलेले गोल

खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी प्रत्येक गणित पायरीपायरीने सोडवत होती. त्या प्रवेश परीक्षेला मी पर्यवेक्षक होतो. मूळचा गणिताचा शिक्षक, त्यामुळे तिच्याजवळून जाताना पाय रेंगाळायचे. जिथे पर्याय बघूनच उत्तर कळलं असतं, तिथेही ती ताळा करून पाहत होती. वेळ संपत आला, तरी तिची निम्मी पानं उलटायची होती.

शेवटच्या पाच मिनिटांची घंटा झाली. बाकीची मुलं उत्तरपत्रिकेवरचे उरलेले गोल अंदाजाने भराभर काळे करू लागली. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जाणार नव्हते. ती मात्र पुढचं गणित मांडत होती. 'भरून टाक गं,' असं अगदी ओठांवर आलं. पण पर्यवेक्षकाला तशी मुभा नसते.

उत्तरपत्रिका घेताना खालचा अर्धा कागद कोरा दिसला. नंतर व्हरांड्यात मी तिला म्हटलं, "अंदाजाने तरी भरायचंस की, बाळ."

"न सोडवता कसं भरायचं, सर? आमच्या बाई म्हणतात, घाई करायची नाही."

मीही इतकी वर्षं वर्गात हेच सांगत आलोय. सावकाश करा, ताळा करून बघा. त्यावर मनापासून विश्वास ठेवणारी मुलं कुठे मागे पडतात, ते बघायला मी कधी थांबलो नव्हतो.

"जेवढी केली तेवढी बरोबर असतील ना, सर?"

मी पाहिलेलं एकही गणित चुकलं नव्हतं. "बरोबर आहेत," मी म्हणालो. ती खुलून हसली, आणि मला तिच्याकडे बघवेना.